मास्तरांचा दुसरा आवाज

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तर गाडी शिकवत ती हातापायांनी नव्हे, आवाजाने. शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसायचे. समोरून ट्रकचं धूड अंगावर येत असलं तरी घडी सुटायची नाही. "ट्रकला त्याचं काम करू दे. तू आपल्या रेषेत राहा. हं. आता श्वास सोड." एवढंच. स्टिअरिंगला चिकटलेली बोटं सैल पडायची, ट्रक निघून जायचा आणि शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच मोठा पराक्रम केला. लायसन्स मिळालेली माणसंसुद्धा वर्षभराने फोन करायची, "मास्तर, गाडीत बसलोय, पण काढायची हिंमत होत नाही. नुसते बोलत राहा."

मास्तरांची बायको म्हणून त्या साऱ्यांच्या वहिनी. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या. लग्नाआधी मास्तर तिथेच नंबर काढून घ्यायला आले होते. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी अशी वाचली, की जणू ती अक्षरंच बावरलेली आहेत आणि त्यांना धीर द्यायचा आहे. वहिनींनी मुद्दाम आणखी दोन ओळी वाचायला लावल्या. नंतर भिंगं बदलून बदलून पुन्हा वाचायला लावल्या. चष्मा लागतच नव्हता.

अशा माणसाला आजार झाला तो नेमका घशाला.

"स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले, "पण मग धोका पुष्कळ कमी होईल."

मास्तर थोडा वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या घशाकडे बघत राहिले. "म्हणजे गाडी चालेल," ते म्हणाले, "फक्त हॉर्न वाजणार नाही."

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. वहिनींनी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला सुरुवात केली.

यातून वाट काढली ती बाब्याने. बाब्या म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी घरात बाब्याच. एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. म्हणजे नेमकं काय करायचा ते वहिनींना कधी धड कळलं नाही. यंत्रं बंद पडली की त्याला शिव्या बसतात आणि चालू असली की तो आहे हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही, एवढं मात्र कळलं होतं. त्याने विद्यापीठात चौकशी केली. तिथे एक संशोधन करणारी मुलगी होती, माणसाच्या बोलण्याचे तुकडे साठवून त्यातून नवं बोलणं जुळवणारी. आवाज शाबूत आहे तोवर मास्तरांनी तिच्याकडे जाऊन पुष्कळ वाचायचं, मग त्यांनी टाइप केलेलं काहीही कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलून दाखवेल, असं ठरलं.

मास्तर रोज दुपारी त्या गाद्या लावलेल्या खोलीत जाऊन वाचत बसायचे. काचेच्या अलीकडे वहिनी. वाक्यं अर्थासाठी नव्हती, आवाजांसाठी निवडलेली होती, त्यामुळे कशाचा कशाशी मेळ नसायचा. झाडाखाली ठेवलेली छत्री झटकून घ्या. धाकट्या ढगाने खिडकी उघडली. मास्तर मध्येच थांबून विचारायचे, "धाकट्या ढगाला लायसन्स आहे का?" मुलगी हसायची आणि तेवढं पुसून पुन्हा वाचायला सांगायची.

त्याच दिवसांत बाब्याने एक लॅपटॉप आणून दिला, ऑपरेशनआधीच हात बसावा म्हणून. त्यावर त्याच्या आवडीची फुकट मिळणारी सिस्टिम घातलेली होती. जेवणाच्या टेबलावर दोघांची शिकवणी चालायची आणि वहिनी इस्त्री करता करता ऐकायच्या. मास्तरांचा आवाज तेव्हा बसत चालला होता, पण प्रश्न थांबले नव्हते.

"हे बघा भावोजी," बाब्या सांगायचा, "सिस्टिमच्या घरात वस्तूंच्या जागा ठरलेल्या असतात. चालवायचे प्रोग्रॅम 'बिन' नावाच्या डिरेक्टरीत. त्यांना लागणारे सुटे भाग 'लिब'मध्ये. एकच भाग दहा प्रोग्रॅमना लागतो, म्हणून सगळ्यांचा साठा एकत्र. सेटिंग 'एटसी'त. चित्रं, अक्षरांचे नमुने, आवाज, असलं सामायिक सामान 'शेअर'मध्ये."

"म्हणजे एका प्रोग्रॅमचं बिऱ्हाड चार खोल्यांत."

"हो."

"आणि कुठला खिळा कुणाचा, हे कुणाला ठाऊक?"

"सिस्टिमला. तीच मांडते, तीच लक्षात ठेवते, तीच काढते. म्हणून त्या खोल्यांत आपण हात घालायचा नाही. आपलं जे काही असेल ते 'होम'मध्ये. स्वतः बाहेरून आणलेला एखादा प्रोग्रॅम असेल, तर त्यासाठी 'लोकल' म्हणून वेगळी जागा आहे. नवी सिस्टिम घातली की जुन्या खोल्या झाडून पुसून निघतात. तिथे तुमचं काही राहिलं असेल तर तेही गेलं."

"गिअरबॉक्समध्ये पाकीट ठेवायचं नाही," मास्तर म्हणाले.

"अगदी तेच."

ऑपरेशन झालं. मास्तर घरी आले, गळ्याच्या खळग्यात श्वासाचं भोक घेऊन. काही आठवडे घरात फक्त वहिनींचाच आवाज होता. स्वतःशी बोलल्यासारखं वाटायला लागल्यावर त्यांनी रेडिओ लावून ठेवायला सुरुवात केली. मग एकदा ती मुलगी येऊन पेनड्राइव्ह देऊन गेली. त्यात तयार झालेला आवाज होता आणि ज्यातून तो घडवला ती सगळी वाचनंही होती. "ही तुमची," ती म्हणाली. "काम संपल्यावर आम्ही आमच्याकडची पुसून टाकतो, तशी अटच असते. जपून ठेवा."

मास्तरांनी लगेच लॅपटॉप उघडला. बोलणारा प्रोग्रॅम बाब्याने घालून ठेवला होताच, पण हा नवा आवाज त्याला सापडेना. वहिनींनी बाब्याला फोन लावला.

"तो आवाज फक्त त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत शोधतो," बाब्या म्हणाला. "होममधूनही वाचेल, पण एक सेटिंग बदलावी लागेल. रविवारी येतो. तोवर भावोजींना म्हणावं, धीर धरा."

जन्मभर दुसऱ्यांना धीर देणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र तो धरवेना. मास्तरांनी पासवर्ड घातला आणि सगळं उचलून थेट 'शेअर'मध्ये, सिस्टिमच्या बाकीच्या आवाजांशेजारी नेऊन ठेवलं. तयार आवाजही तिथेच आणि वाचनंही तिथेच. मग टाइप केलं आणि बटण दाबलं.

"चहा मिळेल का," लॅपटॉप म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. आवाज मास्तरांचा होता आणि नव्हता. "विहिरीतून बोलताय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. बाब्याला फोनवर ऐकवलं तर तोही रडायला लागला. त्या गडबडीत आवाज कुठे ठेवला हे कुणी विचारलं नाही. मास्तरांनीही सांगितलं नाही, कारण चालत्या गाडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा ड्रायव्हिंग स्कूलमधला नियमच होता. काम झालेला पेनड्राइव्ह पुसून त्यांनी त्यात लेकीच्या गाडीत वाजवायला गाणी भरून दिली.

पहिले काही महिने वहिनींना तो आवाज आवडायचा नाही. त्यात 'ळ' धड उमटत नसे, काळाचा काला व्हायचा. प्रश्नाला चढ नसायचा, त्यामुळे 'जेवलीस का' हे वाक्य हुकमासारखं यायचं. वहिनी चिडून म्हणायच्या, "विचारताय की बजावताय?" त्यावर मास्तर टाइप करायचे आणि विहीर शांतपणे म्हणायची, "विचारतोय. चेहरा बघ."

हळूहळू वहिनींना चेहरा बघावा लागेनासा झाला. कुठला प्रश्न आणि कुठली थट्टा ते त्या आडव्या सुरातूनही कळायला लागलं. कामावरून येऊन चपला काढता काढता आतून "आज उशीर" असं ऐकू आलं, की त्या स्वयंपाकघरातूनच दिवसभराचं सगळं सांगत सुटायच्या. कोणत्या गिऱ्हाइकाने आजोबांच्या जुन्याच फ्रेमचा हट्ट धरला, कुणाला नंबर वाढल्याचा राग आला. मध्ये टाइप करण्याएवढी शांतता, मग उत्तर. त्या शांततेचीही सवय झाली. दुकानात कुणी पटकन उत्तर दिलं तर वहिनींना ते उतावळं वाटायचं.

लेक दुसऱ्या गावी होती. तिला मुलगी झाली, तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीने आजोबांचा पहिला आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिच्यासाठी आजोबा म्हणजे फोनमधून येणारा तोच आवाज, सावकाश, एका सुरात गोष्ट सांगणारा. ती तीन वर्षांची झाली तेव्हा 'ळ'ला 'ल' म्हणायची. सगळीच मुलं म्हणतात, पण लेक हसून सांगायची, "ही बाबांवर गेलीय."

अशी वर्षं गेली. लॅपटॉप म्हातारा झाला. त्या जुन्या सिस्टिमला नवीन दुरुस्त्या मिळणं बंद झालं, निम्म्या साइट उघडेनात, पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. एका रविवारी बाब्या पिशवी घेऊन हजर झाला.

"आज याला आंघोळ घालतो," तो म्हणाला. "सिस्टिम नवी कोरी. भावोजींचं सगळं आहे तसं राहील."

कामात तो चोख होता. आधी सगळा होम वेगळ्या डिस्कवर उतरवला. फोटो, पत्रव्यवहार, मास्तरांनी जमवलेले गाड्यांच्या आवाजांचे व्हिडिओ. मग एटसी घेतलं, लोकल घेतलं. प्रत्येक वेळी नक्कल उघडून तपासली. वहिनी शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या.

"भावोजी," बाब्याने विचारलं, "याशिवाय अजून कुठे काही ठेवलंय का तुम्ही?"

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी टाइप केलं.

"काही नाही. चल, उरक."

त्या आवाजात बोललेलं ते शेवटचं. वहिनींनी तेव्हा मानही वर केली नव्हती.

तासाभरात काम झालं. पडदा स्वच्छ, पंखा गप्प. बाब्याने होम जागच्या जागी परत ठेवलं, बोलणारा प्रोग्रॅम पुन्हा घातला आणि आवाजांची यादी उघडली. ती खाली-वर सरकवली. पुन्हा सरकवली.

"भावोजी, तुमचा आवाज कुठे ठेवला होता?"

मास्तर पुढे सरकले. त्यांनी जे टाइप केलं ते पडद्यावर नुसतंच उमटलं. "बाकीच्या आवाजांबरोबर."

बाब्याने हात मांडीवर ठेवले. वहिनींना काही कळलं नव्हतं, पण भावाचा असा चेहरा त्यांनी वडील गेले तेव्हा पाहिला होता.

"काय झालं?"

"ती सिस्टिमची जागा होती, ताई. ती सगळी पुसली मी."

"मग परत आण."

"त्यावर नवी सिस्टिम लिहिली गेलीय."

"त्या पेनड्राइव्हमध्ये असेल की."

मास्तरांनी मान हलवली. गाणी, असं त्यांनी टाइप केलं.

मग वहिनींचा तोल गेला. "तू लोकांची यंत्रं सांभाळतोस ना रे? परक्यांची? आणि घरचं माणूस बोलतं कुठून हे बघायला तुला वेळ नव्हता? त्यांनी ठेवलं असेल कुठेही, ते काय शिकलेत का तुझ्यासारखे? उठता बसता सांगायचास, जागा, जागा. तुझ्या जागा घाल चुलीत."

मास्तरांनी टेबलावर थाप मारली. वाटाणे घरभर उडाले. त्यांनी लॅपटॉप वहिनींकडे फिरवला. पडद्यावर लिहिलं होतं, "त्याला बोलू नको. त्याने तेव्हाच बजावलं होतं तिथे ठेवू नका म्हणून. आज विचारलंही. मला आठवलंच नाही."

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

म्हटल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बाब्या खाली बसून वाटाणे गोळा करायला लागला. एकेक करून, कपाटाखालचेसुद्धा.

तो जाताना लॅपटॉपमधली डिस्कच काढून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या कुणाच्या तरी हातून नवी डिस्क पाठवली, स्वतः आला नाही. विद्यापीठातल्या त्या मुलीला त्याने शोधून काढलं, ती आता दूरच्या देशात नोकरी करत होती. तिने फार हळहळून कळवलं, की ठरल्याप्रमाणे सगळं केव्हाच पुसलं. लेकीने घरातले सगळे जुने व्हिडिओ पाहिले, पण कॅमेरा कायम मास्तरांच्याच हातात असायचा आणि चित्रीकरण करताना ते तोंडातून शब्द काढत नसत, दुसऱ्याचं बोलणं खराब होईल म्हणून.

इकडे बोलायचं तर होतंच. सिस्टिमसोबत चार तयार आवाज येत. एक बातम्या देणाऱ्यासारखा, एक फार आनंदी, एक बाईचा आणि एक इतका भराभर बोलणारा, की त्याला कुठेतरी जायचं असावं. मास्तरांनी एका संध्याकाळी चारही वाजवून पाहिले. बाईचा लावून त्यांनी टाइप केलं, "आता घरात दोन बायका. माझं काही खरं नाही."

थट्टा चांगली होती. पूर्वीच्या आवाजात असती तर वहिनी खळखळून हसल्या असत्या. एका अनोळखी बाईने आपल्या नवऱ्याची थट्टा आपल्याला सांगितल्यावर काय करायचं, ते त्यांना सुचेना. त्या "हं" म्हणाल्या. मास्तरांनी बातम्यांचा आवाज लावला आणि पुन्हा बदलला नाही.

तो आवाज निर्दोष होता. 'ळ' खणखणीत. प्रश्नाला चढ. डॉक्टरकडे, दुकानात, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांशी मास्तर त्याच्यातून बोलू लागले आणि लोक म्हणायचे, "अरे वा, हा छान स्पष्ट आहे." मास्तर अंगठा दाखवायचे.

रविवारी लेकीचा फोन आला. मास्तरांनी आधीच गोष्ट टाइप करून ठेवली होती. चिमणीने थोडी ऐकली.

"हे आजोबा नाहीत," ती म्हणाली. "हे लिफ्टमध्ये मजला सांगणारे काका आहेत."

"अगं आजोबाच आहेत," वहिनी म्हणाल्या. "त्यांचा आवाज बदललाय."

"नाही. आजोबांना दे."

लेकीने समजावलं, आमिष दाखवलं, शेवटी दटावलं. चिमणी रडत आत पळाली आणि दार लोटल्याचा आवाज आला. मास्तरांनी फोनकडे बघत दोनदा बोट उचललं, पण काही टाइप केलं नाही. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा ते फिरायला गेले होते. त्याच्या पुढच्याही.

घरात वहिनींशी बोलताना तर त्यांनी यंत्र वापरणंच सोडलं. मोबाइलवर टाइप करून तो पुढे करायचे. आता वहिनींना हातातलं काम टाकून जवळ यावं लागे, चष्मा लावावा लागे, वाचावं लागे. पाठमोरं बोलणं संपलं. स्वयंपाकघरातून त्या काही सांगायला लागल्या तरी मध्येच थांबायच्या, कारण पलीकडून उत्तर येण्याची सोय नव्हती. मग हळूहळू सांगण्यासारखंही कमी होत गेलं. गिऱ्हाइकं तीच होती, तेच नंबर, तीच कुरकुर, पण ती घरापर्यंत यायची नाहीत.

बाब्या कितीतरी दिवस फिरकला नाही. वहिनींनी फोन केला नाही. रागावून नव्हे. आपण काय बोललो ते आठवलं की हात फोनपर्यंत जात नसे. शेवटी तोच आला, कामाच्या दिवशी भर दुपारी, दाढी वाढलेली, छातीशी लॅपटॉप.

"थोडं सापडलंय," तो दारातच म्हणाला.

पाणीसुद्धा न पिता तो सांगत सुटला. पुसलेल्या फाइली लगेच नाहीशा होत नाहीत. आधी डिरेक्टरीतलं त्यांचं नाव जातं, ठिकाण जातं, पण मजकूर पडून असतो, कुणी वर दुसरं लिहीपर्यंत. त्या डिस्कवरून उरलेसुरले तुकडे त्याने उपसून काढले होते. त्यांना नावं नव्हती, कुठे होते याचा पत्ता नव्हता, नुसते आकडे. कामावरून आल्यावर तो रोज हेडफोन घालून ते ऐकत बसला होता. बहुतेक सगळी खरखर, कुठल्या तरी चित्रांचे फाटके भाग. तयार केलेला आवाज पूर्ण गेला होता. पण वाचनांपैकी काही तुकडे निघाले होते.

मास्तर येऊन बसले. वहिनी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. बाब्याने बटण दाबलं.

"...खाली ठेवलेली छत्री झटकून घ्या."

भरदार, ओलसर आवाज, वाक्याच्या टोकाला हसू दाबलेलं. खोलीत कुणीतरी नवं माणूस आल्यासारखं झालं.

"हा कोण?" वहिनींनी विचारलं.

बाब्याने वळून बहिणीकडे पाहिलं. मास्तर वळले नाहीत. त्यांची मान तेवढी किंचित खाली गेली.

बाब्याने दुसरा तुकडा लावला. "धाकट्या ढगाने खिड..." आणि वहिनींना काचेपलीकडची गाद्यांची खोली आठवली, ती मुलगी आठवली, आपण मांडीवर पर्स धरून बसायचो ते आठवलं. सगळं आठवलं, फक्त तो आवाज ओळखीचा होईना. इतके दिवस त्या मनात ज्याला हाका मारत होत्या, स्वप्नात ज्याचं बोलणं ऐकून जाग्या होत होत्या, तो विहिरीतला आडवा, 'ळ' न येणारा आवाज होता. त्याने केव्हा आधीच्या आवाजाला बाजूला सारून त्याची जागा घेतली, ते त्यांना कळलंच नव्हतं. चष्म्याच्या दुकानात तक्त्यावरच्या ओळी वाचणारा तरुण मास्तर त्यांनी डोळ्यांसमोर आणला. तोही विहिरीतूनच वाचत होता.

"यातून पुन्हा बनवता येईल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही ताई. विद्यापीठातल्या त्या मुलीला पाठवून पाहिलं. फार थोडं आहे, म्हणाली."

मास्तरांनी हेडफोन मागून घेतले आणि सगळे तुकडे एका ओळीने ऐकले. ऐकताना त्यांचे ओठ हलत होते, शब्दाबरोबर शब्द. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले आणि टाइप केलं. बाब्याने ते वाचलं आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. वहिनींनी वाकून पाहिलं. "आता तरी होममध्ये ठेव," असं लिहिलं होतं.

बाब्या टेबलावर डोकं टेकून रडला. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, आणि वहिनी आत जाऊन त्याच्यासाठी पान वाढायला लागल्या. जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी बोलले ते मनावर घेऊ नको." तो म्हणाला, "तू काय चुकीचं बोललीस?" वहिनींनी त्याच्या पानात आणखी भात वाढला. त्यानंतर तो पूर्वीसारखा येऊ लागला. काही दुरुस्त करायला नव्हे, नुसताच.

ती वाचनं 'मास्तरांचे तुकडे' या नावाने होममध्ये राहिली. मास्तर कधीमधी ऐकायचे. वहिनींनी पुन्हा ऐकली नाहीत. हा कोण, असं आपण विचारलं, ते मास्तरांनी ऐकलं. त्याबद्दल त्या दोघांत कधी बोलणं झालं नाही. कसं होणार होतं, तेही त्यांना माहीत नव्हतं.

पुढे लेकीने एक तोड सुचवली. बाबांनी टाइप करायचं, आईने वाचून दाखवायचं. चिमणीला ते चाललं. रविवारी फोन लागला की मास्तर लॅपटॉप घेऊन बसायचे आणि वहिनी पडद्यावरून वाचायच्या, "आजोबा म्हणतात, एक होतं फुलपाखरू आणि त्याला दिशाच कळायची नाही." सुरुवातीला त्या अक्षर न् अक्षर वाचायच्या. मग एखादं वाक्य लांबलं तर जरा आटोपतं घ्यायच्या. चिमणीचे प्रश्न तर फटाफट यायचे, मास्तरांची दोन बोटं मागे पडायची आणि मधली शांतता फोनवर फार मोठी वाटायची. पूर्वीही तेवढीच असायची. पण तेव्हा चिमणी तिची वाट बघायची. तशी वाट बघायची सवय तिला त्या आवाजानेच लावली होती.

हळूहळू 'आजोबा म्हणतात' हे गळून पडलं.

एका रविवारी चिमणीने विचारलं, "आजोबा, सगळे झोपल्यावर रस्ते काय करतात?"

मास्तरांचा चेहरा उजळला. रस्त्यांविषयी त्यांच्याजवळ पुष्कळ होतं. ते टाइप करू लागले. एक ओळ झाली, दुसरी सुरू झाली. वहिनी थांबल्या होत्या.

"आजी, तूच सांग ना," चिमणी म्हणाली.

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. वाक्य अर्ध्यावर होतं. पलीकडे पोर चुळबुळत होती. "रस्ते ना," त्या म्हणाल्या, "रस्तेसुद्धा पाय लांब करून झोपतात. दिवसभर लोक त्यांच्यावरून जातात, दमत असतील की नाही?" चिमणी हसली आणि मग काय, मग काय म्हणू लागली. वहिनी सांगत गेल्या. सांगता सांगता त्यांना दिसलं, की मास्तरांचं बोट आता एकाच बटणावर आहे आणि पडद्यावरची अक्षरं शेवटाकडून एकेक करून कमी होताहेत. पलीकडे चिमणी ऐकत होती, म्हणून त्या थांबल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिहिलं होतं?"

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. बाहेर उन्हं उतरली होती. वहिनी दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेल्या, आणि थोड्या वेळाने मास्तर चिमट्यांची टोपली घेऊन त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले. त्या चिमटा काढून देत होत्या, ते टोपलीत टाकत होते.